आफ्रिकेची गादी आणि करीमभाईंची हमी

शेख करीम, म्हणजे आपणा सर्वांचे करीमभाई, यंदा साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची नि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा खामगाव स्टेशनात पार्सलबाबू होतो. मुंबई बंदरावरून आलेली कलमांची पेटी त्यांनी उघडली आणि मुळांना माती दिसताच ती घ्यायचे साफ नाकारले.

"बाबूजी, कागदावर लिवलं माती नाही, अन् पेटीत हे! असा माल मी दुकानात नेत नाही."

हा गृहस्थ धंदा काय करणार, असे मला वाटले. पुढे त्यांच्याच बियाण्यांच्या दुकानात मी हिशेबाला बसलो.

परदेशी रोप किंवा बी आणायचे तर ते काय, कुठले, कशासाठी, हे बंदरावर खरे लिहून द्यावे लागते. परदेशी सरकी तर शेतकी खात्याच्या हुकमावाचून आणताच येत नाही. गावोगावचे बागाईतदार करीमभाईंच्या ओट्यावर येऊन अर्ज लिहून घेतात, वर चहाही पिऊन जातात. करीमभाईंनी कुणाला रिकाम्या हाती परत पाठवल्याचे मला आठवत नाही.

यंदा मात्र घोर माझ्याच घरात शिरला. आमचे दाजी आफ्रिकेतून आले ते तिथली गादी घेऊन. बंदरावर त्यांनी 'बिछाना' असे लिहून दिले. पिंपळगाव राजा या आमच्या गावी आईने ती पिंजायला उसवली, तर आत सरकीसकट कापूस! पाहुण्याने आणलेले बी पेरणीच्या पहिल्या मुठीत मिसळायचे, ही आमच्या घरची रीत. आईने ते मिसळले आणि पेरलेही. उरलेली सरकी मी करीमभाईंना घरी बोलावून दाखवली. त्यांनी एक दाणा फोडला. आत बोंडे पोखरणारी अळी होती. त्यांचा चेहराच उतरला.

आई रडू लागली. "माह्या लेकीचा नवरा जेलात गेला तं?"

करीमभाई म्हणाले, "माय, सायबाले सांगाले मी संगं येतो. लपवलं तं अळी काय गप बसन? ते कोनाची शीव मानत नाही."

दाजींना घेऊन आम्ही शेतकी खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर गेलो. करीमभाईंनीच सारे सांगितले. गादी जाळली, ते बी पडले होते त्या ओळींतली रोपे उपटून जाळली, दाजींना ताकीद मिळाली. पण शेजाऱ्यांची पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस, न जाळता राखायची तर कुणीतरी जबाबदार हवे होते. करीमभाईंनी लिहून दिले की या शेतात अळी निघाली तर माझ्या बियाण्यांच्या दुकानाचा परवाना रद्द करावा. मी म्हटले, "भाई, काऊन एवढं अंगावर घेता?" ते म्हणाले, "तुह्या मायच्या हातचं पेरलं हाय. शेजाऱ्याईचं पीक काऊन जाळू द्याचं?"

आता बोंडे फुटायला लागली आहेत. करीमभाई दर आठवड्याला बैलगाडीने येतात, बांधावर बसून बोंडे उकलून पाहतात. त्यांना धाप लागते, पण ऐकत नाहीत. अधिकाऱ्यांची शेवटची तपासणी व्हायची आहे. रात्री माझा डोळा लागत नाही.

करीमभाई शंभरी पाहोत, त्यांची धाप जावो, हे तर मी मागतोच. पण खरे सांगू? त्यांच्या पुढच्या चाळीस वर्षांआधी आज देवाकडे माझे एकच मागणे आहे. यंदाचे आमचे प्रत्येक बोंड पांढरेशुभ्र फुटू दे.