कागद गिरणीच्या गावात खंडेनवमी

ऑकलंडहून सुटणाऱ्या बसमध्ये मी बसलो तेव्हा माझ्या मांडीवर एक नारळ होता आणि डोक्यात एक मोहीम. नारळ ऑकलंडच्याच पापाटोएटो भागातल्या दुकानातून घेतलेला, कारण सोमवारी खंडेनवमी होती आणि केतकीच्या गाडीची पूजा करायची होती. मोहीम मात्र थेट चिंचवडहून आणली होती: आमच्या मुलीला त्या बुडत्या गावातून बाहेर काढायचं.

केतकी फार्मासिस्ट. शिकायला म्हणून न्यूझीलंडला गेली आणि तिथलीच झाली. गेली तीन वर्षं ती ऑकलंडपासून चार तासांवरच्या एका गावात औषधांचं दुकान सांभाळत होती. गावात तेवढं एकच. मालक दुसऱ्या शहरात राहायचा. गाव कागदाच्या गिरणीवर जगत होतं, आणि त्या हिवाळ्यात (इकडे तो जून ते ऑगस्ट) गिरणी बंद पडली होती. माझी बायको उषा शिक्षिका, तिची शाळा चालू होती; म्हणून २०१९च्या ऑक्टोबरात माझी एकट्याचीच रवानगी झाली. निघताना तिने बजावलं होतं, "तिला मंदारजवळ आणून सोडा. आणि तिथं भाषणं करू नका."

मंदार माझा पुतण्या. तोही विद्यार्थी म्हणूनच आलेला, आता ऑकलंडमध्ये पेनरोजच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याने तिथल्याच माउंट वेलिंग्टनच्या एका मोठ्या फार्मसीत केतकीसाठी शब्द टाकला होता. जागा तिचीच होती. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत तिने हो की नाही ते कळवायचं होतं. मला बसपाशी सोडताना मंदार म्हणाला, "काका, तुम्ही फक्त तिला हो म्हणायला लावा. इकडचं सगळं मी बघतो. स्वीट ॲज!" (म्हणजे झकास.)

या कामाला माझ्याइतका लायक माणूस नाही, असं मला मनापासून वाटत होतं. एकतीस वर्षं भोसरीच्या कारखान्यात मेन्टेनन्सला काढली, त्यातली बारा युनियनच्या कमिटीवर, आणि शेवटी कारखाना डोळ्यांदेखत बंद पडताना पाहिला. बंद पडण्याच्या विषयात मी स्वतःला तज्ज्ञ समजतो. घरी कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

रस्त्याकडेला आधी मेंढ्या होत्या, मग पाइनची जंगलं. लाकडाचे लांबलचक ट्रक आमच्या उलट दिशेने, बंदराकडे चालले होते. मध्ये एका डेअरीपाशी (दुधाची नव्हे, इकडे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला डेअरी म्हणतात) बस थांबली. भूक लागली होती. मी 'पोटॅटो टॉप पाय' मागितला. वर खरोखरच बटाटा होता. खाली काय आहे याची चौकशी मी अर्धा खाऊन झाल्यावर केली. खिमा होता. उरलेला अर्धा टाकून देऊन अन्नाचा अपमान कशाला करायचा? उषाला हे माहीत नाही. आता होईल.

गावात शिरताना पहिली दिसली ती गिरणीची चिमणी. धूर नव्हता. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांपैकी निम्म्यांच्या काचांना आतून कागद लावलेले. मात्र कुंपणाकुंपणावर हसऱ्या चेहऱ्यांचे फलक होते, कारण नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. भोंगा नाही, झेंडे लावलेली रिक्षा नाही; मतपत्रिका म्हणे पोस्टाने घरी येते आणि लोक चहा पिता पिता खुणा करतात. नागरिक नसलेल्या केतकीलाही, कायमची रहिवासी म्हणून, मत होतं. तिची मतपत्रिका फ्रिजवर लोहचुंबकाने अडकवलेली होती.

"अजून भरली नाहीस?" मी विचारलं.

"बाबा, सगळेच म्हणतात जॉब्स आणणार. कुठून, ते विचारायचंय आधी."

मी अनुभवी माणसासारखा हसलो. पोर अजून भोळी आहे, असं मनात म्हणालो.

शनिवारी सकाळी तिच्या दुकानात कोपऱ्यातली खुर्ची धरून मी पाहणी केली. येणारी माणसं माझ्या ओळखीची होती. म्हणजे त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं, पण ओळखीची होती. पन्नाशी ओलांडलेले पुरुष, कामाच्या दिवसांतले बूट अजून पायांत, आणि कामाला जायचं नसल्यामुळे कुठे उभं राहावं ते न कळणारे. एकाला रक्तदाबाची गोळी, दुसऱ्याला झोपेची. डॉक्टर गावात आठवड्यातून दोनच दिवस यायचा. बाकीचे दिवस लोक केतकीलाच विचारायचे. तीही काउंटरवर वाकून शांतपणे ऐकायची. घरी माझं एक वाक्य पुरतं ऐकून न घेणारी हीच का ती, असं मला वाटलं.

त्यांतला एक होता तामा. माओरी गृहस्थ, दरवाजाएवढा उंच, कागदाच्या मशीनवर तीस वर्षं फिटर. "किया ओरा, केट," म्हणत तो आत आला. (किया ओरा म्हणजे माओरीत नमस्कार; केतकीची इथे केट झाली होती.) मी केटचा बाप आणि मीही फिटर, हे कळल्यावर त्याने माझा हात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. त्याच्या हातावर होते तसेच जुने चट्टे माझ्याही हातावर होते. मग आमचं जमलं.

"मशीन बंद केलं तेव्हा काय केलंत?" मी विचारलं.

"सॉसेज भाजले," तो म्हणाला. "मॅनेजरने सगळ्यांचे आभार मानले. कोणीतरी दिवे घालवले. आम्ही घरी गेलो."

"बस?"

"बस."

मला ते सहन होईना. आमच्याकडे, मी त्याला सांगितलं, मशीन धडधाकट असतानासुद्धा वर्षातून एकदा खंडेनवमीला त्याला न्हाऊमाखू घालतात, हळद-कुंकू वाहतात, हार घालतात. हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, विश्रांती. तामा लक्ष देऊन ऐकत होता. "सोमवारी?" त्याने विचारलं. "मी माझी हत्यारांची पेटी आणली तर चालेल?"

"अवश्य आण," मी म्हणालो. आपल्या संस्कृतीचा प्रसार होतोय, या आनंदात मी ते बोलून गेलो. तो आणखी किती जणांना सांगेल, हे विचारायचं राहिलं.

रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा होती. चहा, बिस्किटं, आणि प्रश्न विचारायला प्रत्येकी एक मिनिट. मिनिट संपलं की एक आजीबाई घंटा वाजवणार. एका उमेदवाराने सायकलवाटेचं स्वप्न दाखवलं, दुसऱ्याने पर्यटकांचं. आमच्या भोसरीत मॉलचं दाखवलं होतं. मला उषाचे शब्द आठवले आणि आठवूनही मी उभा राहिलो. कामगारांची एकजूट, गेटसमोरचं आंदोलन, मशीन बाहेर नेऊ द्यायचं नाही, कशावरही सही करायची नाही, असं मी माझ्या इंग्रजीत गरजलो. घंटा वाजली. "मी अजून संपवलेलं नाही," असं घंटेला सांगून मी पुढे बोलत राहिलो. आजीबाईंनी ती पुन्हा वाजवली आणि मग थांबवलीच नाही.

लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. शेजारचा तामा कानाशी वाकून म्हणाला, "छान बोललास, भाऊ. फक्त आम्ही सह्या जुलैतच केल्या. मशीनही गेलं."

तेवढ्यात केतकी उठली. तिने एकच प्रश्न विचारला: "दोन दिवस येणारा डॉक्टरही यायचा बंद झाला, तर या गावातल्या माणसांनी कुणाकडे जायचं?" उमेदवारांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सायकलवाटेवर पुन्हा बोलणं सुरू झालं. बऱ्याच माना केतकीकडे वळलेल्या मी पाहिल्या. मला अभिमान वाटला, आणि नेमकं तिलाच उद्या पाचच्या आत इथून निघायला हो म्हणायला लावायचं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दुकानामागच्या अंगणात सहा फिटर उभे होते. सहा पेट्या, पाने, पकडी, हातोड्या, सगळं घासूनपुसून लखलखीत. ही तयारी पाहून मी आणलेली हळदीची पुडी अगदीच केविलवाणी वाटू लागली. तरी मी मुख्य पुरोहिताच्या थाटात पेट्यांना आणि शेजारी उभ्या केतकीच्या गाडीला हळद-कुंकू वाहिलं, केतकीने बागेतली फुलं ठेवली, आणि मी जाहीर केलं की आता उद्या सकाळपर्यंत कोणीही हत्याराला हात लावायचा नाही. सहाही जणांनी गंभीरपणे हात मागे घेतले.

मग मी नारळ हाणला. भिंतीच्या कडेवर हाणायचा होता. हात निसटला आणि तो बाहेरच्या नळाच्या पाइपावर बसला. नारळ फुटला, पाइपही फुटला. पाण्याचा फवारा थेट माझ्या तोंडावर आला आणि अंगणातून ओघळत औषधांच्या कोठीच्या दाराकडे निघाला.

सहा फिटर, सहा पेट्या, आणि कोणी हलेना. सगळे माझ्याकडे बघत होते.

"ब्रो," तामाने विचारलं, "आता हात लावू का?"

"बाबा!" केतकी ओरडली. "अहो सांगा ना त्यांना! आत खोकी आहेत!"

एकतीस वर्षांच्या नोकरीने अखेर मला तारलं. "ब्रेकडाऊनला सूट असते!" मी ओरडलो.

पुढच्या दहा मिनिटांत जे घडलं ते मला सांगता येईल की नाही, कोण जाणे. एकाने रस्त्याकडेचा पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, दोघांनी दार अडवलं, तामा चिखलात पालथा पडला आणि मागे न बघताच हात मागे करून पाना मागू लागला. मागच्याने न विचारता नेमका हवा तोच पाना त्याच्या हातात ठेवला. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं. एकमेकांना शिव्या देत, हसत, ते एका नळावर अख्ख्या मशीनचं काम करत होते. मीही वाकून पाइप धरून ठेवला. नखशिखांत भिजलो होतो आणि रडत होतो. पाण्यामुळे कुणाला कळलं नाही, ते एक बरं झालं.

"तो लाल टोपीवाला दिसतोय ना?" केतकी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली. "दोन महिन्यांत घराबाहेर पडला नव्हता. त्याची औषधं मीच त्याच्या दारात ठेवून येते. हाका मारते, दोन शब्द बोलते, मग परत येते."

मला एकदम आमच्या कारखान्यासमोरचे डॉक्टर आठवले. कारखाना बंद झाला आणि तिसऱ्या महिन्यात त्यांनी दवाखाना दुसरीकडे हलवला. त्यांच्या नावाने मी गेटवरच्या सभेत पंधरा मिनिटं तोंडसुख घेतलं होतं. पुढे कित्येक वर्षं जमेल तिथे त्यांना पळपुटा म्हणत आलो. त्यांच्या घरी त्यांना काय सांगितलं गेलं असेल, हा विचार मला कधी शिवला नाही. आणि आता मीच एक बाप, समुद्र ओलांडून आलो होतो, माझ्या मुलीला नेमकं तेच करायला लावायला.

साडेचारला दुकानात गर्दी नव्हती. केतकीने फोन काउंटरवर ठेवला. "मंदारदादाने मला सगळं सांगितलंय, बाबा. तुम्ही कशाला आलात ते. बोला आता."

चार दिवस पाठ केलेलं भाषण होतं. मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"भीती वाटते," ती म्हणाली. "मालक वर्षभरात दुकान बंद करेल, असं वाटतं. तेव्हा मला जावंच लागेल. पण त्याच्या आधी मी निघाले तर तो उद्याच बंद करेल."

मी मान डोलावली. तिने फोन उचलला आणि माउंट वेलिंग्टनला नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. पाचला अजून वीस मिनिटं होती.

परत ऑकलंडला आलो तेव्हा मंदारने माझ्यामागे बसच्या दाराकडे पाहिलं. दुसरं कोणी उतरलं नाही. घरी जाताना मी त्याला जमेल तसं सांगितलं. भोसरीत आणि त्या गावात बंद पडण्याच्या गोष्टी मी नेहमी मशीनच्या आणि मालकांच्या अंगाने सांगत आलो. कारखाना कोणी बंद केला, हे मला तोंडपाठ आहे. बंद झाल्यावर तिथे कोण थांबलं, हे मी कधी मोजलंच नव्हतं, आणि माझ्यासारख्या तज्ज्ञाला ते पोरीकडून शिकावं लागलं. मंदार म्हणाला, "काका, काकूला काय सांगणार?"

तेच अवघड होतं. रात्री उषाचा फोन आला.

"आणलीत तिला?"

"नाही. तिची तिथं गरज आहे."

तिने विचारलं, "आणि तिला कोणाची गरज लागली तर?"

बारा वर्षं सभा गाजवलेला माणूस मी. "माहीत नाही," मी म्हणालो. तेवढंच खरं होतं.

"बरं," उषा म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत मी जाते तिच्याकडे. तुम्ही घर सांभाळा."