गादीखालचा माणूस

आमच्या आत्याचा चेहरा गिऱ्हाइकांना फारसा माहीत नव्हता. पाय मात्र सगळ्यांना माहीत होते. गाद्या शिवायच्या आमच्या दुकानात कंबरेइतकी उंच लाकडी चौकट होती. तिच्यावर कापूस भरलेली गादी टाकायची, एकाने कडेला उभं राहून वरची बाजू सांभाळायची आणि दुसऱ्याने खाली बुटक्या स्टुलावर बसायचं. वरचा माणूस वीतभर लांब सुई गादीतून आरपार सोडणार, खालचा ती ओढून घेणार, दोऱ्यात गोंडा अडकवणार आणि बोटभर अंतरावरून परत वर पाठवणार. असे टाके घातले नाहीत तर कापूस चार दिवसांत एका कोपऱ्यात गोळा होतो आणि माणूस नुसत्या खोळीवर झोपतो. वर आजोबा, म्हणजे बाबा-आत्याचे अण्णा, असायचे, पुढे माझे बाबा. खाली कायम आत्या. गिऱ्हाईक वरच्याशी बोलायचं, वरच्याचं कौतुक करायचं आणि जाताना खालच्या दोन पायांना वळसा घालून जायचं.

सुई कुणाच्या बोटात घुसू नये म्हणून आजोबांनी एक शिस्त लावली होती. सुई सोडताना 'गेली' म्हणायचं, हातात आल्यावर 'आली' म्हणायचं. शेवटच्या टाक्याला सुई खालच्याच्या हातात राहायची आणि त्याने ती भिंतीवरच्या फळीत टोचून ठेवायची. दिवसभर दुकानात हेच दोन शब्द. बहीणभावांना त्याची इतकी सवय झाली होती, की जेवताना मिठाची वाटीसुद्धा ती दोघं 'गेली' म्हणून सरकवायची आणि 'आली' ऐकल्याशिवाय सोडायची नाहीत. हे बाबा मला हसत हसत सांगायचे. बाकीचं सांगायचं मात्र टाळायचे.

बाकीचं एवढंच, की एका गादीत सुई राहून गेली. घरी झोपलेल्या बाईने कूस बदलली आणि ती तिच्या खांद्यात घुसली. तिचा नवरा गादी खांद्यावर घेऊन आला आणि भर दुकानात आपटून गेला. सुई सांभाळायची खालच्याने, म्हणजे विसरली आत्याच. आजोबांनी तिला चौकटीखालून उठवलं आणि मागच्या खोलीत खोळी शिवायला बसवलं. पुढे बाबा फोमच्या गाद्या विकणाऱ्या कंपनीत गेले. शोरूम, टाय, थंड हवा. आजोबांना मग दुसरं कोण होतं? आत्याला पुन्हा चौकटीपाशी बोलावलं. तिने दुकान ओढलं, आजोबा अंथरुणाला खिळल्यावर त्यांचं सगळं केलं, आणि ते गेले त्या दिवशी बहीणभावांत काहीतरी बोलणं झालं. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आमच्या घरात आत्याचा विषय निघाला की "फटकळ आहे ती" एवढ्यावर मिटायचा.

आता बाबांची पाठ गेली आहे. आई नाही, मी एकुलती एक, ऑफिस करून येते आणि त्यांना कुशीवर वळवते, शेकते, औषध देते, परत वळवते. मी थकले आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. जन्मभर ज्या कंपनीची गादी त्यांनी लोकांच्या गळ्यात मारली, तिच्याच मध्ये पडलेल्या खड्ड्यात ते झोपतात. डॉक्टरांनी टणक अंथरूण सांगितलं, तेव्हा बाबा माझ्याकडे न बघता छताला म्हणाले, की कापसाची मिळाली असती तर बरं झालं असतं. गावात कापसाची गादी शिवणारं दुकान एकच उरलं होतं. छताला ते माहीत नव्हतं, पण मला होतं.

मी गेले तेव्हा आत्या चौकटीला टेकून बसली होती. केस पांढरे झालेत की त्यात कापूस आहे, ते पटकन कळेना. तिने मला ओळखलं, पण उठली नाही. गुडघे गेले होते. बाबा कसे आहेत, असंही विचारलं नाही.

"वजन किती वाढलंय त्याचं?" तिने विचारलं. मी अंदाजाने सांगितलं. मग ती म्हणाली, "अजून पाय पोटाशी घेऊनच झोपतो का?"

मी हो म्हटलं. मग तिने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. दुकान ती आता बंदच करणार होती. मदतनीस टिकत नव्हते, आणि एकटीने शिवायचं म्हणजे दर टाक्याला वर उठा, खाली बसा. ते तिच्या जिवावर यायचं. गादी हवी असेल तर कापूस पिंजून, खोळ भरून ठेवते, म्हणाली, खाली बसायला तुझं तू माणूस आण. लग्न का केलं नाहीस, असं मी लहानपणी तिला विचारलं होतं, तेव्हा म्हणाली होती, अंगाला एवढा कापूस चिकटलाय, नवऱ्याच्या शिंका थांबायच्या नाहीत. तिची ती जीभ अजून शाबूत असेल अशी माझी आशा होती. पण त्या दिवशी तिने एकही टोमणा मारला नाही. दमलेल्या माणसाला टोमणेही सुचत नाहीत.

खाली मी बसणार, असं मी घरी सांगितलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "तुला नाही जमायचं. मी येतो."

त्यांना वाकता येत नाही, उभं राहवत नाही, फार तर ताठ बसता येतं. मी चिडले, समजावलं, डॉक्टरांची भीती घातली. शेवटी कमरेला पट्टा बांधून त्यांना रिक्षात बसवलं. आत्याने हाकलून दिलं तर यांना परत कसं आणायचं, एवढाच विचार वाटभर माझ्या डोक्यात होता. ते उन्मळून पडले असते आणि मग मलाही उचलवलं नसतं.

बाबा येणार, हे मी आधी आत्याच्या कानावर घातलं होतं. तिने पुढचं न ऐकता फोन ठेवला होता. दुकानात शिरलो तर चौकटीच्या चारही पायांखाली विटा लावलेल्या. बुटकं स्टूल गायब, त्या जागी पाठीची खुर्ची. बाबांना न वाकता बसता यावं म्हणून चौकट उंच केली होती. आता स्वतः आत्याला वर हात पोचवायला खोक्यावर चढावं लागणार होतं, तेही त्या गुडघ्यांनी. "बारक्या, डोकं सांभाळ," एवढंच म्हणाली. बाबांची ढेरी सांभाळत मी त्या बारक्याला खुर्चीत बसवलं.

पहिले टाके काही केल्या जमेनात. सुई खाली यायची आणि बाबा चाचपडत बसायचे. वरून कापसाची भुकटी त्यांच्या डोळ्यांत, नाकात, कॉलरमध्ये पडत होती. ते खोकले.

"ताई, एवढं पडतं डोळ्यांत?"

"डोळे मिटून घ्यायचे."

"कधी बोलली नाहीस."

"कोणी विचारलं होतं?"

हळूहळू हात बसले. गेली, आली. गेली, आली. मधेच बाबांना आजोबांची आठवण झाली. प्रत्येक नवी गादी 'तपासायला' म्हणून आजोबा दुपारी तिच्यावर आडवे व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत घोरायचे. गिऱ्हाईक आलं की ही दोघं त्यांच्यावर खोळ टाकून झाकायची. एकदा खोळच घोरायला लागली, असं बाबा म्हणाले, आणि वर आत्या हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि ती गादीवर हात टेकून थांबली.

खालून बाबांचा आवाज आला. तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बहुधा त्यांना बोलता आलं.

"ताई, त्या दिवशी सुई मी सोडलीच नव्हती. मित्र बाहेर थांबले होते. दोरा वरच कापला, सुई काठाला खुपसली आणि 'गेली' म्हणून पळालो."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "माझ्या हातात आली नाही, हे मला नाही कळणार तर कोणाला?"

"अण्णांना सांगायला हवं होतं."

"हवं होतं." ती खोक्यावरून उतरून काठाला टेकली. "गिऱ्हाइकासमोर बोलले, खोळी शिवायला बसवलं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण अण्णा पडून होते ना, तेव्हासुद्धा रोज संध्याकाळी माझ्याकडून सुया मोजून घ्यायचे. त्यांना भरवलेला हात पुसून मी सुया दाखवायची. तसेच गेले ते. त्याचा मला फार राग आहे, बारक्या. अजून आहे."

मला बापाचा संताप आला होता आणि त्याच वेळी, यांची पाठ आता आखडली असेल, अशी काळजीही वाटत होती. दोन्ही एकदम वाटून घ्यायचा कंटाळा आला.

"अण्णांचं सगळं तू केलंस," बाबा म्हणाले. "मी कधी त्याचं नावही काढलं नाही. ही पोर आता माझं करते, तेव्हा कळतं, रोज किती जीव जातो त्यात. तू होतीस म्हणून अण्णांचे हाल झाले नाहीत."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. काय ते तिला माझ्या डोळ्यांखाली दिसलं असावं. मग ती हातातल्या दोऱ्याची गाठ उगाच सोडवत राहिली.

"आणि 'आली' कोण म्हणालं होतं?" ती म्हणाली. "मीच ना. तू 'गेली' म्हणालास आणि मी 'आली' म्हणून मोकळी झाले. हातात काही नसताना. इतकी वर्षं तुझ्या नावाने खडे फोडताना तेवढं मी सोयीने विसरायची."

"दमली असशील तू."

"दमले होतेच. ऊठ म्हणता येत नाही तुला, तेव्हा बस तसाच. संपवू या."

ती पुन्हा खोक्यावर चढली. मी तिचं कोपर धरलं, तिने धरू दिलं. उरलेले टाके दोघांनी त्या दोन शब्दांवर घातले. गादी घट्ट, सपाट झाली होती. शेवटचा टाका आला. आत्याने सुई सोडली.

"गेली."

खालून काहीच आलं नाही. तिने काठ घट्ट धरला. मी खाली वाकणार, एवढ्यात चौकटीच्या कडेने बाबांचा हात बाहेर आला. कोपरापर्यंत कापसाने पांढरा. टोक स्वतःच्या तळव्याकडे करून त्यांनी सुई धरली होती.

"आली," ते म्हणाले. "हातात आहे, ताई. बघून घे."

आत्याने पाहिलंच नाही. मला म्हणाली, त्याला आधी बाहेर काढ, पाठ धरली असेल. मग खोक्यावरून उतरता उतरता, भिंतीकडे बोट दाखवून, भावाला म्हणाली,

"फळीत टोचून ठेव. मी मोजणार नाही."