समुद्र कवा आटते जी
खंभातच्या आखातावर लेकानं मला नेलं तेव्हा ओहोटी होती. समुद्र पार मागे सरला होता, आणि उघड्या चिखलाला सिंदेवाहीकडच्या आमच्या गावतलावाचा उन्हाळी वास येत होता.

माझ्या लहानपणी एकदा गुरुजी याच आखाताची ओहोटी शिकवत होते. माझी विसरलेली पाटी घेऊन आई वर्गाच्या दारात थांबली होती. तलाव आटला की आम्ही ढिवर लोक चिखलात उतरून मासे धरायचो, तेच तिच्या डोक्यात.

"गुरुजी, तो समुद्र कवा आटते जी? टोपली घेऊन आमीबी येतो."

वर्ग हसला. "ही कोणाची आई?" गुरुजींनी विचारलं. मी मान वर केली नाही. आई पाटी उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

समोर आखातात बाया कमरेवर टोपल्या घेऊन चिखलातले मासे वेचत होत्या.

"कोणाची आठवण आली, आई?" लेकानं विचारलं.

"कोणाची नाई," मी म्हणाले.