चपला घालून जेवायचा दिवस

राज्यांची फेरवाटणी झाली, त्याच वर्षी मी लग्न होऊन भीमपूरकडं आले. पैनगंगेच्या पलीकडं माहेर, अलीकडं तेलुगू राज्यात गेलेलं सासर. कचेरीतली उर्दू मावळत होती, शाळेत तेलुगू आली होती, आणि मी मराठी सातवी पास. म्हणजे माझ्या मते गावातली सगळ्यात शहाणी बाई. वाचायला मात्र काही नव्हतं. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायची. अर्धी बातमी जिऱ्यात, अर्धी हळदीत.

बाजाराच्या दिवशी मिशन दवाखान्याच्या नर्सबाई यायच्या. नगरकडच्या, ख्रिस्ती. माझी ती भूक बघून त्यांनी मराठीतलं जाडजूड पवित्र शास्त्र वाचायला दिलं. पुढं जुना करार, मागं नवा. जुन्याला मी हातच लावला नाही. नवं असताना जुनं कोण नेसतं, इतकी माझी अक्कल.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पुस्तक पाहिलं. "दुसऱ्याच्या देवाचं बुक घरात कायले? येत्या बाजारी वापस कर."

मग मी घाईनं वाचत सुटले आणि येशूच्या शेवटच्या जेवणापाशी अडले. सण म्हणून सगळे जमलेत. पानात खमीर न घातलेली, न फुगलेली भाकर. ती तो मोडून वाटतो. पण सण कोणता? पुस्तक असं बोलत होतं, जणू मला सगळं ठाऊकच आहे. येशूला मी साहेबांचा देव समजत होते. साहेब तर पाव खातात, मग हे न फुगलेलं काय काढलं?

बाजारात पुस्तक परत देताना नर्सबाईंना तेच विचारलं.

"साहेबांचा कसला? ज्यू आईच्या पोटचा तो," त्या हसल्या. "साहेबांनाही तो दुसऱ्याच्या घरूनच मिळालाय. सण त्याच्या वाडवडलांचा. आधीचा भाग वाचलास का?"

"जुना आहे ना तो."

"अगं, लग्न लागताना झोपलीस आणि आता वरातीत विचारतेस, नवरा कोणता!"

त्यांनी जुन्या करारातल्या एका पानात खुणेला कडुलिंबाची काडी घातली आणि पुस्तक पुन्हा माझ्या हातात दिलं. मी ते पदराखाली लपवून आणलं. आत्याबाईंच्या नजरेतून काय सुटतं!

"आणलंच फिरून? बरं, वाच मोठ्यानं. काय लिवलं हाये ते पाहतो, मंग ठरवतो."

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. वर्षातून एकदा, श्रावणात, आत्याबाई कच्चीपक्की भाकर थापायच्या, सोबत बिनमिठाचा कडवट पाला. पदर खोचून, पायात चपला घालून, स्वयंपाकघरात उभ्यानं खायचं. चपला! माझ्या माहेरी त्या उंबऱ्याबाहेर असत. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मायची रीत हाये." नव्या सुनेनं सासू थोडी सरकलेली आहे असं मनाशी ठरवलं आणि त्या दिवशी मी पोटात दुखतंय म्हणून निजून राहिले.

तर मी चुलीशी बसून वाचू लागले. मिसर देशात गुलाम असलेले येशूचे वाडवडील. निघायची रात्र. कंबर कसून, पायात जोडे घालून, कडू पाल्यासोबत घाईघाईनं जेवायचं. पीठ फुगायलाही वेळ नाही. मळलेलं पीठ परातीसकट फडक्यात बांधून खांद्यावर घ्यायचं.

आत्याबाईंचा भाकरीवरचा हात थांबला.

"परातीसकट?"

"हो."

"माहा किस्सा त्या नर्सबाईले कोनं सांगतला?"

मला हसू आलं. "आत्याबाई, हे हजारो वर्षांपूर्वीचं आहे."

"तुया नवऱ्यानं सांगतला असन. रझाकाराईच्या वर्षी मळलेलं पीठ परातीत घेऊन म्या नदी गाठली. पल्याड पोचेतोवर लेकराईनं कच्चंच चाटलं. चपला घालाले सापडल्या म्हून पाय वाचले."

मी म्हणाले, "हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही."

"तू पुसलं काय? तुयं तं पोट दुखत होतं."

पुढं समुद्र दुभंगला, तेव्हा त्या फणकारल्या. "आमची पैनगंगा नाही दुभंगली. डोंगेवाल्याच्या हातापाया पडलो."

दर वर्षी हे जेवण करा आणि मुलांनी विचारलं तर सांगा, असंही तिथं लिहिलं होतं. मग मी काडी काढून येशूचं शेवटचं जेवण पुन्हा मोठ्यानं वाचलं. आता भाकर न फुगलेली का, ते कळत होतं. तिथं बसलेल्या सगळ्यांना ती रात्र लहानपणापासून पाठ होती. त्याच भाकरीला हात घालून हा आपल्या मरणाचं सांगत होता. मी सातवी पास, थेट शेवटच्या पंगतीत शिरून सण कोणता म्हणत होते.

"धरून नेणार हे त्याले ठावं होतं?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो."

"तरी सन केला?"

"केला."

"मंग चांगल्या घरचा होता."

बाजाराचा दिवस आला. मी पुस्तक फडक्यात बांधून दाराशी उभी राहिले. आत्याबाईंनी भाजीची पिशवी तेवढी हातात दिली आणि फडकं काढून घेतलं.

"राहू दे सध्या. निंघाले तं खरे, पन पोचले का नाही ते कुठं वाचलं आपुन?"

पुढं त्या लोकांच्या वाटेवर चाळीस वर्षं भटकायचं रान आहे, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.