फणसाचा उंबरठा मुलुंडला

एसटी मुलुंडच्या चेकनाक्याला थांबली तेव्हा समोरचे डोंगर धुक्यात तरंगत होते. गोणपाटात गुंडाळलेला उंबरठा छातीशी धरून मी उतरलो. थोरल्या सुमनताईच्या नव्या घरासाठी आईनं आमच्याच फणसाचा करवून दिला होता. सातवीत शाळा सोडलेला मी. या शहरात पत्ता विचारतानाही जीभ जड होते.

"भाऊ, दार घेऊन फिरतोस काय?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"दार नाही, उंबरठा."

"मग दार मागून येतंय वाटतं!"

आजारात ताईचे पाय गेले, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत. चाळीत दुसऱ्या माळ्यावर होती. रस्ता बघायचा तरी कुणीतरी उचलून न्यायचं. म्हणून भावजींनी हे तळमजल्याचं घर घेतलं.

पोचलो तर दाराशी पायरी नाही, नुसता सिमेंटचा उतार. दार ऐसपैस, आणि खाली चौकट कोरी! गवंडी पायरी-उंबरठा विसरला, असं मला वाटलं. मी घाईनं गोणपाट सोडून लाकूड खाली मांडलं.

तेवढ्यात ताई आतून आली, खाडीत होडी सरकावी तशी.

"बाबल्या, ता उचल आधी! मी काय उडी मारून जाऊ भायर?"

मी ओशाळलो. ती हसत एकटी उतारावरून खाली गेली. परतताना मात्र अर्ध्यात हात थकले, चाकं मागे येऊ लागली. भावजी धावले. तिचा चेहरा उतरला.

"जाऊक येता रे," ती पुटपुटली. "भितूर (आत) येताना कोणतरी लागताच."

दुपारी तिनं घावणे केले. ओटा एवढा बुटका की खुर्चीसकट गुडघे खाली जात. तिच्या हातचं किती वर्षांनी जेवत होतो! खाताना डोळे उगाच उताराकडे जात होते.

संध्याकाळी भावजींनी सुतार आणला. उंबरठा तासून गोल केला आणि उताराकडेच्या भिंतीला, ताईच्या हाताच्या उंचीवर, पक्का ठोकला. ताई खाली गेली. वळली. लाकूड धरून तिनं स्वतःला ओढलं, आणखी ओढलं, आणि आत गेली. मग आतून तिचा आवाज आला, "हळदकुंकू खंय ठेवलं रे मी?"

गावी पोचलो तेव्हा आई अंगणातच उभी होती. "उंबरठो बसलो मा?"

"बसलो. ताई हात लावून भितूर जाता."

आईनं पदर डोळ्यांना लावला. मी घरात शिरताना उंबरठ्यापाशी पाय आपसूक उचलला गेला, आणि मी तिथेच थबकलो. इतकी वर्षं तो उचलला जातोय, हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.