तळ्यात सोडलेला बाहुला

परवा तळ्याकाठी ओल्या लाकडाचा वास आला आणि अमेरिकेतले, पार्सिपनीतले आमचे शेजारी हॅरीकाका आठवले. तरुणपणी ते इंग्लंडच्या समुद्रकिनारी बोलक्या बाहुल्याचा खेळ करायचे. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली; तोवर त्यांना ओळखणारं तिकडेही कुणी उरलं नव्हतं.

पक्षाघाताने त्यांची वाचा गेली. ते हॉस्पिटलमध्ये असताना मी त्यांचं घर आवरायला घेतलं. ट्रंकेत तो लाकडी बाहुला होता, गाल तडकलेला. भंगलेली मूर्ती घरात ठेवायची नाही, एवढीच माझी अक्कल! हळदकुंकू वाहून मी तो तळ्यात सोडला. भिजलेल्या कपड्यांच्या ओझ्याने बुडताना त्याचा जबडा उघडला होता.

काका घरी आले ते थेट ट्रंकेपाशी गेले. सोबतची नर्स म्हणाली, "बाहुला हातात आला की कदाचित बोलतील."

"अगं, कुठे ठेवलास?" नवऱ्याने विचारलं.

"सोडला. पाण्यात."

काकांनी रिकामा डावा हात वर धरला. जबडा हलवावा तशी बोटं हलवली. ओठ थरथरले. आम्ही तिघं ऐकत उभे होतो.

आवाज कुणाचाच आला नाही.