नंदाला देश नव्हता

माझी मैत्रीण नंदा आज सकाळी गेली. कुठल्याच देशाची नागरिक नसताना.

त्यात माझाही हात होता.

ती मिरजेची. नव्वदच्या दशकात नर्स म्हणून सिंगापूरला आली आणि इथल्याच केनीशी लग्न केलं. इथल्या यिशुन भागात आमच्या वरच्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. माझे मिस्टर बोटीवर, तिचा नवरा शिफ्टमध्ये. संध्याकाळचा चहा रोज माझ्याकडे.

मग इथल्या नागरिकत्वाचं पत्र आलं. मंजूर. फक्त आधी भारताचं सोडा, तसा कागद आणा, मग शपथ.

"आडनाव बदललं, आता देश," नंदा हसली. "पुढच्या वर्षी नाक बदलते."

आणि तिनं पत्राची पुन्हा घडी घातली.

"शैला, थोडं थांबू का गं?"

"मंजुरी हातात आहे ना? शपथ म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी."

फॉर्म मीच भरला. कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर. केवढा अभिमान होता मला त्याचा.

पासपोर्ट रद्द होऊन आला. शपथेची तारीख यायच्या आत केनी दुसरीसाठी घर सोडून गेला. जाताना अर्जावरची जामीनकी काढून घेतली. इथली मंजुरी संपली.

भारतीय कचेरीत काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, आपने खुद छोडा है."

इथे राहायची परवानगी होती. देश नव्हता.

तेवढ्यात मिरजेला तिच्या आईला पॅरालिसिस झाला.

फोनवर आईची जीभ जड. तरी विचारलंच, "अगं, माहेरी यायला कसला व्हिसा?"

नंदा रोज रांगेत. आज हा कागद, उद्या तो. सात आठवडे.

व्हिसाच्या आधी भावाचा फोन आला. आई गेली.

नंदा रडली नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"शैला, लग्न झालेल्या मुलीला सुतक तीन दिवस. नवऱ्यानं टाकलेलीला किती गं?"



तिनं पुरे दहा दिवस पाळलं. "कुणाची तरी मुलगी आहेच ना मी," एवढंच म्हणाली.

नंतर तिनं कुठल्याच देशाकडे अर्ज केला नाही. मी भरून देते म्हटलं, तर हात जोडले.

त्या फॉर्मवरून मला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आज तिचं सुतक धरायला इथे कुणी नाही.

मी धरलंय. दहा दिवस. शास्त्रात बसत नाही, माहीत आहे.

भरल्या डोळ्यांनी निरोप, नंदा. मला माफ कर.